तगरीवरचा पाहुणा

गेल्या पावसाळ्यात आमच्या परसातील तगरीची पाने एकाएकी नाहीशी होऊ लागली. झाडाखाली मिऱ्यांएवढ्या काळ्या लेंड्या पडत. आजी म्हणाली, "पूजेला फुलं उरायची नाहीत बघ. पावडर मार जा." मी डबा घेऊन गेलो, तर पानाआड बोटाएवढी जाड हिरवी अळी. काडी लावताच तिने डोके आत ओढले आणि मानेवरचे दोन निळे डोळे वटारले. मी चक्क मागे सरलो!

पुढे कळले की ते डोळे खोटे. खरे डोळे तोंडापाशी, अगदी बारीक असतात. चोच मारायला आलेल्या पाखराने दचकावे, एवढ्यासाठी हे सोंग!

ही कण्हेरीच्या पतंगाची अळी. १७५८ साली लिनियसने या पतंगाला शास्त्रीय नाव दिले. आज त्याला डॅफ्निस नेरी म्हणतात. मादी कण्हेर, तगर, सदाफुली यांच्या पानांवर एकेक सुटे अंडे घालते. (कन्नड विभागातील मित्रांची नंदिबट्टलु तीच आमची तगर.) कण्हेरीचे पान माणसाला व गुरांना विषारी, पण ही अळी त्यावरच पोसते. चार वेळा कात टाकून दोन-तीन आठवड्यांत ती तीन इंचांच्या आसपास वाढते. मग तिचा रंग तपकिरी होतो, खाणे सुटते आणि ती खाली उतरून पालापाचोळ्यात कोष करते.

आजीची समजूत घालून मी अळी पाचोळा भरलेल्या मडक्यात ठेवली व वर फडके बांधले. साधारण पंधरवड्याने एका रात्री पतंग बाहेर आला. आधी पंख चुरगळलेले. ते पसरल्यावर हिरव्या-गुलाबी रंगांची सुंदर नक्षी दिसली. आजी चष्मा लावून पाहतच राहिली. "हीच का ती मेली अळी?"

हा पतंग तिन्हीसांजेनंतर फुलापुढे हवेतच तरंगत लांब सोंडेने मध पितो. फुलांचे परागही त्याच्यासवे हिंडतात.

तोवर तगरीला नवी पालवी फुटली होती. मी वाणिज्य शाखेचा; पानांचे नुकसान आधी मांडले, जमेची बाजू मात्र मडके उघडल्यावर कळली. रोप लहान असेल तर अळी उचलून मोठ्या कण्हेरीवर सोडावी. पावडरीची गरज नाही.

आता पाने कुरतडलेली दिसली की आजीच विचारते, "आलाय काय रे पाहुणा?"