लेखणीची किंमत

१८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीबद्दल आगरकर व टिळक यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ज्या पत्रांवर विसंबून त्यांनी टीका केली, ती बनावट ठरली होती. हेतू शुद्ध, पण पुरावा खोटा! अशा प्रामाणिक चुकीची किंमत कोणी मोजावी, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

वृत्तपत्रस्वातंत्र्याला अर्थशास्त्राचीही बाजू आहे. पुण्याच्या ‘सकाळ’चा खटला हे तिचे उत्तम उदाहरण. १९५६ चा कायदा व १९६० चा आदेश यांनी वृत्तपत्राची पाने व किंमत यांची सांगड घातली. बड्या पत्रांच्या स्पर्धेपासून लहान पत्रांना वाचवावे, हा सरकारचा उद्देश. परंतु किंमत वाढवली तर वाचक घटणार आणि पाने कमी केली तर मजकूर घटणार, हे मागणीचा नियम शिकलेला विद्यार्थीही सांगेल. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निर्बंध रद्द केले. व्यापारावर सार्वजनिक हितासाठी बंधने घालता येतात, तो निकष भाषणस्वातंत्र्याला लावता येत नाही, हे न्या. मुधोळकर यांच्या निकालपत्राचे सार होय. पुढे १९७२ मध्ये कागदाच्या वाटपाबरोबर लादलेली दहा पानांची मर्यादाही अवैध ठरली.

कागदाची बेडी तुटली, अब्रुनुकसानीची मात्र राहिली. अधिकाऱ्याच्या सरकारी कामावरील टीकेत चूक झाली, तरी ती जाणूनबुजून वा सत्याची पर्वा न करता केलेली नसेल तर भरपाई नाही, असे अमेरिकेत १९६४ च्या सलिव्हन खटल्यात ठरले. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात आपल्या न्यायालयानेही याच दिशेने पाऊल टाकले. परंतु २०१६ मध्ये फौजदारी कलम वैध ठरले व आता ते न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात कायम आहे. त्यात केवळ सत्य पुरत नाही, ते लोकहितार्थ होते हेही दाखवावे लागते.

नागरिकाची अब्रू मोलाची आहे, यात शंका नाही. तिची भरपाई दिवाणी न्यायालयात जरूर मिळावी. परंतु वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे यांचा भार तालुक्याच्या साप्ताहिकाच्या संपादकाला निर्दोष सुटला तरी सोसावाच लागतो. तो भार टाळण्यासाठी जी बातमी छापलीच जात नाही, तिचा तोटा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. तो सोसतो वाचक! म्हणून तुरुंगाची तरतूद रद्द व्हावी, ही मागणी मुख्यतः वाचकांनीच केली पाहिजे.