'आय विल रिवाइंड युवर मोटर': एका वाक्याने गेलेलं गिऱ्हाईक

परवाच्या व्हिडिओत हा विषय घाईत आटपला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही घेऊनच बसा.

माझं जालन्यात मोटर-पंपांचं दुकान आहे, हे तुम्हाला माहितीच आहे. तीन वर्षांपूर्वी एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलचे मेंटेनन्सचे साहेब जळालेली मोटर घेऊन आले. साहेब तमिळनाडूचे, मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. मग मी झोकात व्हॉट्सॲप टाकला, 'आय विल रिवाइंड युवर मोटर बाय सॅटर्डे.' आता खरी गोष्ट अशी, की वाइंडिंग माझ्याकडे होतच नाही. मी मोटर पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराकडे देतो. नेमकं त्याच्या घरी लग्न निघालं आणि काम मंगळवारवर गेलं. साहेब दुकानात येऊन म्हणाले, "काम तुम्ही स्वतः करणार असं लिहिलं होतं. बाहेरच द्यायची होती तर मीच दिली असती." बिल चुकतं केलं, पण त्या मिलचं काम पुन्हा आलं नाही. चूक माझीच होती.

झालं काय, की शब्द इंग्रजी होते पण डोक्यात मराठी चालू होती. आपण 'मी केस कापले', 'दिवाळीला शर्ट शिवला' असं बिनधास्त म्हणतो. कात्री सलूनवाल्याची, मशीन टेलरची, पण ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं तर समोरच्याला वाटतं, याने आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. तिथे 'आय गॉट माय हेअर कट' म्हणायचं. म्हणजे आपलं 'कापून घेतले'.

हे 'करून घेणं' दुकानात दिवसभर लागतं. वस्तूचं नाव आधी, मग क्रियापदाचं तिसरं रूप: 'आय विल गेट द मोटर रिपेअर्ड.' गेटच्या जागी हॅव चालतं. (रिवाइंडचं तिसरं रूप रिवाउंड आहे, रिवाइंडेड नाही. आठवलं नाही तर सरळ रिपेअर्ड लिहा.) माणूस सांगायचा असेल तर 'आय विल हॅव माय मेकॅनिक कॉल यू', इथे टू नाही. पण गेट घेतलं की टू येतं: 'आय विल गेट हिम टू कॉल यू.' गेटमध्ये जरा मागे लागणं, गळ घालणं आहे. मेक मात्र जपून वापरा. 'आय विल मेक हिम कम' म्हणजे 'त्याला यायलाच लावतो', जणू कॉलर धरून आणणार आहात. आणि लेट म्हणजे करू देणं: 'लेट द मोटर कूल', मोटर थंड होऊ द्या.

एमपीएससी करणाऱ्या पोरांना एक गंमत माहीत असेल. मराठीत 'तो पोराकडून काम करवतो' हे प्रयोजक आणि 'मला आता काम करवत नाही' हे शक्य क्रियापद. एकाच 'व'मध्ये करून घेणंही बसतं आणि जमणं-न जमणंही. इंग्रजीत या दोन कामांना दोन वेगळे शब्द लागतात. गेट-हॅव सांगतं की काम दुसरा करणार. त्याच्या आधीचा विल, कॅन, शुड, मस्ट सांगतो की तुमचा शब्द किती पक्का आहे.

आपल्याकडे जास्त घोळ या पहिल्या शब्दातच होतो. समजा मोसंबीचा व्यापारी दिल्लीच्या पार्टीला लिहितो, 'आय विल गेट द ट्रक लोडेड टुनाइट.' हा झाला वायदा. पाऊस आला, हमाल आले नाहीत, तरी पार्टी सकाळी ट्रकचा नंबर मागणार. 'आय कॅन गेट इट लोडेड' म्हणजे भरून घेता येईल, तुम्ही हो म्हणा. 'आय मे' म्हणजे बघू, कदाचित. दर ठरायच्या आधी विल लिहू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

मस्टचंही तसंच. 'यू मस्ट गेट द बेअरिंग चेंज्ड' लिहिलं की ग्राहकाला वाटतं दुकानदार गळ्यात मारतोय. तिथे 'यू शुड' पुरे. मस्ट मी फक्त अर्थिंगसाठी ठेवलाय: 'यू मस्ट गेट द अर्थिंग चेक्ड.' तिथे जिवाचा प्रश्न आहे, ग्राहक चिडला तरी चालेल.

आणखी एक गफलत. 'आय हॅव टू चेक द मोटर' म्हणजे मला तपासावी लागेल. 'आय विल हॅव द मोटर चेक्ड' म्हणजे तपासून घेईन. दोन्हीकडे हॅव आहे, पण पहिल्यात हात तुमचे, दुसऱ्यात दुसऱ्याचे.

आता मोटर बाहेर पाठवायची असेल तर माझा मेसेज ठरलेला असतो: 'आय विल गेट इट रिपेअर्ड आउटसाइड. इट शुड बी रेडी बाय सॅटर्डे. इफ देअर इज अ डिले, आय विल लेट यू नो ऑन फ्रायडे.' गेल्या महिन्यात एका बियाणे कंपनीच्या साहेबांना हाच पाठवला. शुक्रवारी खरंच उशीर कळवावा लागला. त्यांचं उत्तर आलं, 'ओके, मंडे इज फाइन.'