मधल्या इयत्तांचा विशेष शिक्षक

विशेष शिक्षक म्हणून काम करणाऱ्या माणसाची चारचौघांत ओळख करून दिली, की ऐकणाऱ्याच्या तोंडून बहुधा एकच उद्गार निघतो : ‘केवढा संयम लागत असेल हो! पुण्याचं काम करता तुम्ही.’ हा उद्गार मनापासूनच्या आदराचा असतो यात शंका नाही. परंतु त्या आदरातच एक मोठा गैरसमज दडलेला असून, या व्यवसायाची आपल्याकडे जी आबाळ झाली तिचे एक प्रमुख कारणही तोच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या कामाला आपण पुण्य म्हणतो, त्याच्या वेतनाची, नेमणुकीची आणि पूर्वतयारीची चौकशी करण्याचे आपल्याला सुचत नाही. वस्तुतः हे काम विद्येचे आणि कसबाचे आहे, आणि त्या कसबाची सर्वांत कठीण कसोटी सहावी, सातवी आणि आठवी या तीन इयत्तांत लागते.

या कार्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईत मूकबधिर मुलांची शाळा 1885 च्या सुमारास निघाली. 1900 साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांचे शिक्षण सुरू केले आणि त्यातूनच पुढे दादरची कमला मेहता अंधशाळा नावारूपाला आली. 1944 मध्ये वकील नावाच्या पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने मतिमंद मुलांसाठी जे कार्य आरंभिले, ते आज जय वकील संस्थेच्या रूपाने उभे आहे. आणि पुण्यात 1964 साली ‘कामायनी’ स्थापन झाली. या सर्व संस्था स्वतंत्र शाळा होत्या, म्हणजे मूल त्यांच्या दारी जात असे. शिक्षकाने मुलाच्या नेहमीच्या शाळेत जावे, हा विचार कोठारी शिक्षण आयोगाने मांडला, 1974 च्या केंद्रीय योजनेने त्याला प्रथम सरकारी आधार दिला, आणि 2009 चा शिक्षणहक्क कायदा व 2016 चा दिव्यांग हक्क कायदा यांनी त्याला हक्काचे स्वरूप प्राप्त करून दिले. 1995 च्या कायद्यात विकलांगतेचे सात प्रकार होते, ते 2016 मध्ये एकवीस झाले, आणि त्यांत अध्ययन अक्षमतेला प्रथमच कायद्याने स्थान मिळाले.

आता मधल्या इयत्तांचेच महत्त्व एवढे का, हे पाहू. चौथीपर्यंत मूल पाठांतरावर, चित्रांवर आणि शेजारच्याच्या वहीवर निभावून नेते. पाचवी-सहावीत मात्र वाचन हा शिकण्याचा विषय न राहता इतर सर्व विषय शिकण्याचे साधन होऊन बसते. विज्ञान वाचूनच समजायचे, भूगोल वाचूनच समजायचा, गणितातले उदाहरणसुद्धा आधी वाचावयाचे. शिवाय वर्गशिक्षकाच्या जागी विषयवार शिक्षक येतात, आणि मूल नेमके कोठे अडते हे पुरते कोणा एकालाही ठाऊक राहत नाही. त्यातच वय असे, की लाज वाटू लागते. दुसरीतले मूल ‘मला येत नाही’ असे मोकळेपणाने सांगते. सातवीतला मुलगा तेच लपवण्यासाठी दंगा करतो, पोट दुखल्याचे सांगतो, अथवा शाळाच टाळतो.

सातवीच्या इतिहासाच्या तासाला असा एखादा मुलगा पाहावा. अफझलखानाचा सारा प्रसंग त्याला ऐकून मुखोद्गत असतो, प्रतापगडाची चढणसुद्धा तो हातवारे करून दाखवील. परंतु ‘राज्याभिषेक’ हा शब्द समोर आला, की तो पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधून ‘राजवाडा’ म्हणून मोकळा होतो. विशेष शिक्षक येथे रागावत नाही आणि केवळ धीरही देत नाही. तो चूक वाचतो. आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते आणि कानांना नंतर ऐकू येते. ‘पूर्व’ मधला र उच्चारात व च्या आधी, पण कागदावर व च्या डोक्यावर बसतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला भेद एका लहानशा रेषेचा. ज्याच्या मेंदूला ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालणे मुळातच जड जाते, त्याच्यासाठी ही प्रत्येक जागा स्वतंत्रपणे शिकवावी लागते. शिक्षक पुठ्ठ्याला एक खाच पाडून तेवढ्यातून एकेक अक्षरगट दाखवतो, ‘रा’, ‘ज्या’, ‘भि’, ‘षे’, ‘क’ असे वेगळे म्हणवून घेतो, रफाराचे शब्द एका आठवड्याला आणि वेलांटीचे दुसऱ्या आठवड्याला घेतो, आणि वैयक्तिक शिक्षण आराखड्यात ‘वाचन सुधारेल’ असे मोघम न लिहिता, अमुक मुदतीत रफाराचे दहापैकी आठ शब्द न अडखळता वाचील, असे तपासता येण्याजोगे उद्दिष्ट लिहितो.

गणितातही हेच. ‘त्रेपन्न’ ऐकताना तीन आधी आणि पन्नास नंतर ऐकू येतात, म्हणून मूल 35 लिहिते. ‘एकोणसाठ’ ऐकून त्याच्या हातून सहाने सुरू होणारी संख्या उतरते. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धती दिली तेव्हा केवढे वादळ उठले होते, हे वाचकांना आठवत असेल. डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील विषयसमितीची ती सूचना भाषाप्रेमींना रुचली नाही. परंतु संख्यावाचनात अडखळणारी मुले ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना तिच्यामागची कळकळ समजल्यावाचून राहणार नाही, आणि माझा कौल त्या बाबतीत समितीच्या बाजूनेच आहे.

या वयाचा आणखी एक प्रश्न आपल्या लेखनात क्वचितच येतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला पाळी सुरू झाली, की अनेक घरांतून तिची शाळा बंद होते. आईला भीती वाटते, शाळेला संकोच वाटतो, आणि कागदोपत्री मुलगी पटावर असूनही हजेरीत सापडत नाही. विशेष शिक्षिका अशा वेळी घरी जाते, आईशी बोलते, चित्रांच्या पट्ट्यांवर एकामागून एक कृती मांडते (पॅड कोठे ठेवायचे, केव्हा बदलायचे, कशात गुंडाळून टाकायचे, हात कधी धुवायचे), आणि मुलीच्या हातून ती क्रमवार करवून घेते. त्याच बरोबर कोणाचा स्पर्श नाकारायचा आणि नाकारल्यावर कोणाकडे जाऊन सांगायचे, हेही ती शिकवते. हा भाग मी या व्यवसायातील अत्यंत मोलाचा मानतो, कारण त्यावरच त्या मुलीचे पुढचे शिक्षण आणि तिची सुरक्षितता दोन्ही अवलंबून असतात.

या विद्येसाठी बी.एड. अथवा डी.एड. विशेष शिक्षण ही पदवी-पदविका लागते. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि दर पाच वर्षांनी नव्या प्रशिक्षणाचे दाखले देऊन तिचे नूतनीकरणही करावे लागते. एवढी पात्रता असलेल्या माणसांना सर्व शिक्षा अभियानापासून पुढे वर्षानुवर्षे कंत्राटी मानधनावर राबवून घेतले गेले. मुदत संपली की नव्या हुकमाची वाट पाहायची, आणि शिक्षकांच्या खोलीत आपण पाहुणे आहोत ही जाणीव वागवायची. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण ठरवून दिले. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या प्रत्येक समूहासाठी, एक याप्रमाणे 4860 पदांना मंजुरी दिली. हा निर्णय फार उशिरा झाला, तरी त्याचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. तथापि एका केंद्राखाली अनेक शाळा येतात, त्या सर्वांत एका माणसाने फिरायचे, अंथरुणाला खिळलेल्या मुलांच्या घरी जायचे, प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी पालकांबरोबर जिल्हा रुग्णालय गाठायचे आणि वर अहवाल भरायचे, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला आठवड्यात किती वेळ येणार, याचा हिशेब कोणालाही करता येईल. म्हणून विशेष शिक्षकाइतकीच गरज विषयशिक्षकाच्या सहकार्याची आहे. विज्ञानाच्या शिक्षकाने प्रश्न तोंडी विचारण्याचे मनावर घेतले, किंवा फळ्यावरचा मजकूर उतरवून घेण्याऐवजी छापील टिपण हाती दिले, तर मुलाचा अर्धा दिवस वाचतो.

आठवीच्या अखेरीस मात्र एक वेगळाच पेच उभा राहतो. शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षी संपते. 40 टक्के वा अधिक विकलांगता असलेल्या मुलाला 2016 च्या कायद्याने अठरापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, पण तो हक्क पुष्कळ पालकांना ठाऊकच नसतो. अनेक गावांत शाळा सातवीला अथवा आठवीला संपते, मूल नव्या विद्यालयात जाते, आणि त्याचा आराखडा जुन्या शाळेच्या दफ्तरात राहून जातो. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती हव्या असतील, तर दाखल्यांची जुळवाजुळव नववीतच व्हावी लागते. यासाठी जाणते विशेष शिक्षक उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीच मुलाला आणि पालकांना बरोबर घेऊन नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटतात, आराखड्याची प्रत त्यांच्या हाती देतात, आणि हा मुलगा ऐकून उत्तम शिकतो, याला पहिल्या बाकावर बसवावे, मोठ्याने वाचायला वर्गात उभे करू नये, असे नेमके सांगून येतात. या भेटीची तरतूद आज कोणत्याही वेळापत्रकात नाही; नव्या पदांचे कर्तव्यपत्रक तयार होईल तेव्हा त्यात तिचा स्पष्ट उल्लेख असावा, आणि त्या दिवसाचा प्रवासखर्च खात्याने द्यावा.