अल्ब्युमिनची बाटली आणि पाठीवरची जखम

लकवा मारलेला किंवा खुब्याचं हाड मोडलेला माणूस बाजेवर पडला, की बघता बघता माकडहाडावर जखम होते आणि घरात दोषाची वाटणी सुरू होते. वाशीम, रिसोड, मानोरा, कुठल्याही गावात ती बहुधा सुनेच्या नावावर पडते.

"काळजी घेतली नाही, म्हणून जखम झाली."

अर्धं खरं. दाबाशिवाय ही जखम होत नाही, पण तेवढाच दाब एकाची कातडी सोसते आणि दुसऱ्याची नाही. उतारवयातली पातळ कातडी, मधुमेह, कमी रक्तदाब, ताप, बधिर झालेलं अंग, लघवी-संडासवर ताबा नसणं, ही जोखीम माणूस अंगात घेऊनच बाजेवर येतो. रक्तक्षयाचंही तसंच; 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये तो आढळला. त्यात वाशीमचा मे महिना. कातडी तापली की तिची प्राणवायूची गरज वाढते, आणि गादी खराब होऊ नये म्हणून अंथरलेलं रेक्झिन घाम जिरू देत नाही. ही जोखीम मोजण्यासाठी 1987 पासून ब्रेडन मापन वापरलं जातं. संवेदना, ओलावा, वावर, हालचाल, आहार आणि घर्षण यांना मिळून जास्तीत जास्त 23 गुण. 18 किंवा त्याहून कमी भरले तर धोका. त्यासाठी कागद-पेन्सिल पुरते.

"जखम वरून सुरू होऊन आत जाते."

खोल जखमांच्या बाबतीत अनेकदा उलटं घडतं. हाड आणि गादी यांच्यात चेंगरणारा स्नायू कातडीपेक्षा नाजूक असतो. दाबाने रक्तपुरवठा तुटतो, पेशी थेट पिचतातही, आणि वरची कातडी काही दिवस धड दिसते. लालसरपणा शोधा, असं पुस्तकं सांगतात. आपल्या सावळ्या कातडीवर तो दिसतोच असं नाही. काळसर-जांभळट छटा, शेजारच्या भागापेक्षा गरम किंवा गार लागणं, टणकपणा किंवा लिबलिबीतपणा ही खूण धरावी.

"रक्त तपासलं की आधीच कळेल."

संशोधन त्या दिशेनं चाललं आहे, हे खरं. पिचलेल्या स्नायूतून क्रिएटिन कायनेज, मायोग्लोबिन आणि मेदाम्ल वाहून नेणारं एक प्रथिन रक्तात उतरतं. कातडीवर खास पट्टी चिकटवून तेलकट स्रावातलं इंटरल्युकिन-1 अल्फा मोजण्याचेही प्रयोग झाले आहेत. पण हृदयविकाराचा झटका, पडून लागलेला मार, शस्त्रक्रिया यांतही स्नायूंची ही द्रव्यं वाढतात, आणि दुखापत माकडहाडाशी की टाचेशी हे रक्त सांगत नाही. रोजच्या उपचारात भरवसा ठेवावा अशी एकही चाचणी अजून नाही. वाशीमला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. उद्या तिथे अशी चाचणी आली, तरी पाठ उघडून बघावीच लागेल.

"अल्ब्युमिन कमी आहे, बाटली चढवली की जखम भरेल."

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त उपासमारीने घटत नाही. शरीरात दाह किंवा जंतुसंसर्ग असला की यकृत ते कमी बनवतं, ते रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, मोठ्या जखमेतून वाहूनही जातं. म्हणून कमी आकडा हा आजाराच्या जोराचा निरोप असतो. त्याच्यावरून पोषण मोजता येत नाही. काही आजारांत अल्ब्युमिन द्यावं लागतं, ते डॉक्टर ठरवतील. मात्र जखम भरायला प्रथिनं पोटातून जावी लागतात: किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या माणसाला साधारण 62 ते 75 ग्रॅम, आणि सोबत पुरेसा उष्मांक. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण विचारूनच ठरवावं. सोयाबीनच्या या जिल्ह्यात आजाऱ्याला मात्र वरणाचं पाणी आणि मऊ भात मिळतो! घट्ट वरण, अंडं, दही, दुधात कालवलेलं सोयाबीनचं पीठ (नीट भाजलेलं) यांना बाटलीच्या मानाने नगण्य खर्च येतो.

बाकीचे समज थोडक्यात. हवेचं गोल कडं बसायला देऊ नये; कडेच्या दाबाने मधला रक्तपुरवठा उलट तुटतो. काळवंडलेल्या जागी मालिश नको. जखमेत हळद, पावडर, स्पिरिट घालू नये, आणि ती उघडी ठेवून वाळवूही नये. ओलसर राखलेली जखम लवकर भरते, हे 1962 मध्येच दिसून आलं. हवेची गादी उपयोगी, पण वीज गेली की थांबते, आणि ती असली तरी कूस बदलणं सुटत नाही.

साधारण दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर न निजवता पाठीमागे उशी देऊन थोडं कलतं ठेवा, पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी राहू द्या. जखम काळी पडली, वास आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.