घट्ट पट्ट्याचा हट्ट

‘जरा आवळून बांध, नाहीतर निसटून जाईन तो.’ कुत्र्याच्या गळ्यात पट्टा चढवताना बुलढाणा जिल्ह्यात हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता त्याची चीड येते. मोताळ्याच्या वावरात जागलीला असणारा कुत्रा असो, मेंढ्यांमागे मैलोन्‌मैल चालणारा असो की खामगावच्या बंगल्यातला लॅब्रेडॉर, समज एकच आहे. पट्टा जितका घट्ट, तितका कुत्रा ताब्यात. हा समज साफ चुकीचा आहे आणि त्याची किंमत कुत्रा आपल्या मानेच्या कातडीने मोजतो.

कुत्रा पट्ट्यातून निसटतो कसा, हे आधी नीट पाहा. पुढे ओढताना तो निसटत नाही. तो थबकतो, पाय रोवून मागे सरकतो, डोकं खाली घालतो आणि पट्टा कानांवरून पुढे घसरतो. म्हणजे सगळा प्रश्न मानेचा घेर आणि डोक्याचा घेर यांतल्या फरकाचा आहे. बहुतेक गावठी कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा पुरेसं रुंद असतं. त्यांना मापाचा साधा पट्टा पुरतो, आवळायची गरजच नसते. कारवानी, पश्मी, मुधोळ या शिकारी कुळातल्या कुत्र्यांचं डोकं मात्र लांबट आणि निमुळतं असतं, मान जवळजवळ तेवढीच भरते. त्यांच्या डोक्यावरून पट्टा निघूच नये म्हणून आवळत गेलात, तर श्वास अडकेपर्यंत आवळावं लागेल.

अशा कुत्र्यांसाठी मार्टिंगेल नावाचा पट्टा असतो. एक मोठा फेरा, त्याच्या दोन टोकांना दोन कड्या आणि त्या कड्यांतून ओवलेला एक छोटा फेरा. दोर छोट्या फेऱ्याला अडकवायचा. ताण आला की मोठा फेरा मानेच्या मापापर्यंतच आवळतो आणि थांबतो, ताण गेला की लगेच सैल होतो. यात परदेशी जादू काही नाही. आठवडी बाजारात बैलांचे पट्टे आणि घुंगरमाळा शिवणारा कारागीर माप दिलं तर सहज शिवून देईल. फक्त हा पट्टा फिरवताना वापरायचा, खुंट्याला बांधून ठेवताना नाही.

आता आवळल्याने काय होतं ते. कुत्र्याच्या मानेत कातडीखाली लगेचच श्वासनलिका आहे, डोक्याकडून रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरा आहेत, थायरॉइड ग्रंथी आहे. ‘आमच्या कुत्र्याची मान दांडगी आहे, त्याला काही होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी दोन अभ्यास सांगतो. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या नियतकालिकात 2006 साली आलेल्या अभ्यासात कुत्र्यांना एकदा पट्ट्याने आणि एकदा हार्नेसने ओढायला लावलं. पट्ट्याने ओढताना डोळ्यांच्या आतला दाब लक्षणीय वाढला, हार्नेसने वाढला नाही. 2020 साली ‘व्हेटरनरी रेकॉर्ड’मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी कृत्रिम मानेवर सात प्रकारचे पट्टे आणि एक फासाचा दोर तपासला. जोरात ओढ बसली तर मानेला इजा होण्याचा धोका टळेल, असा एकही प्रकार त्यांना सापडला नाही. मऊ अस्तराचे, रुंद, महागडे, सगळे त्यात आले. म्हणून ओढणाऱ्या कुत्र्याचा दोर गळ्याला अडकवायचाच नाही. गळ्यातला पट्टा ओळखीसाठी, दोर छातीच्या हार्नेसला. घरोघरी असणाऱ्या पॉमेरेनियनला तर हे काटेकोर पाळा. अशा लहान जातींत श्वासनलिका आतल्या आत चपटी होण्याचा आजार बराच आढळतो आणि गळ्यावरचा ताण तो वाढवतो.

पण सगळ्यात वाईट जखमा ओढण्याने होत नाहीत, विसरण्याने होतात. दोन महिन्यांचं पिल्लू घरी येतं. कुणीतरी कौतुकाने गळ्यात सुतळी किंवा लाल दोरा बांधतो, दोन-तीन घट्ट गाठी मारतो. पुढच्या चार महिन्यांत पिल्लाची मान झपाट्याने वाढते, दोरा तेवढाच राहतो. वरून केस दाट असल्याने तो दिसत नाही. वास यायला लागतो तेव्हा कळतं की दोरा कातडी कापून आत रुतलाय. पावसाळा असेल तर त्या जखमेवर माशा बसतात आणि आळ्या पडतात. मग पशुवैद्यकीय दवाखान्यात भूल देऊन दोरा कापून काढावा लागतो. यातली प्रत्येक जखम टाळता येण्यासारखी असते, म्हणूनच ती पाहताना राग येतो.

सुती दोरी आणि कासऱ्याचे तुकडे यांचा आणखी एक गुण लोक विसरतात. भिजल्यावर सुताचे धागे फुगतात आणि दोरी लांबीला आखडते. संध्याकाळी दोन बोटं सैल वाटणारी दोरी रात्रभराच्या पावसानंतर सैल राहीलच असं नाही, शिवाय ओली गाठ सुटत नाही. चामड्याचा पट्टा भिजून उन्हात वाळला की कडक होतो आणि त्याच्या कडा मानेला काचतात. जागलीच्या कुत्र्याला नायलॉनच्या विणीचा रुंद पट्टा आणि बक्कल बरं. वावरात मोकळा फिरणाऱ्याला तर ओढ बसताच उघडणारं बक्कल हवं. रोही नाहीतर रानडुकरामागे धावताना काटेरी तारेत पट्टा अडकला, तर कुत्रा तिथेच लटकून राहतो.

पट्टा ही मापून घालायची आणि पुन्हा पुन्हा तपासायची वस्तू आहे, याचं उत्तम उदाहरण याच जिल्ह्यात येऊन गेलं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला टी1सी1 हा तरुण वाघ 2019 च्या अखेरीस चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी बसवलेली रेडिओ कॉलर होती, म्हणूनच त्याचा सुमारे 3000 किलोमीटरचा प्रवास जगाला कळला. अशी कॉलर बसवताना प्राण्याचं वजन आणि मानेचा घेर मोजतात, वाढीला जागा सोडतात आणि कॉलर वजनाच्या काही टक्क्यांपेक्षा जड होणार नाही हे पाहतात. बॅटरी संपत आली तेव्हा 2020 च्या एप्रिलमध्ये टी1सी1ची कॉलर उतरवण्यात आली. आता आपल्या 15 किलोच्या कुत्र्याच्या गळ्यातली दोन किलोची लोखंडी साखळी घ्या. ती त्याच्या वजनाच्या 13 टक्क्यांहून जास्त भरते आणि ती वर्षानुवर्षं उतरत नाही.

साखळीने कुत्रा तिखट होतो, हा त्याच कुळातला गैरसमज. बांधून ठेवलेला कुत्रा घाबरट आणि चिडका होतो. तो मालकाच्या पोरालाही चावू शकतो. त्याला राखण म्हणत नाहीत. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचं कलम 11 स्पष्ट आहे. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं हाही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. इतका क्षुल्लक दंड अजून कायद्यात आहे, ही लाजेची गोष्ट आहे.

माप घेणं पाच मिनिटांचं काम आहे. कुत्रा उभा असताना शिंप्याची टेप मानेभोवती, पट्टा जिथे बसणार तिथे, न आवळता गुंडाळा. घातलेल्या पट्ट्याखाली दोन बोटं आडवी, सहज गेली पाहिजेत. ती रेटावी लागली तर पट्टा घट्ट आहे. मोठ्या कुत्र्याला महिन्यातून एकदा तपासा, पिल्लाला दर आठवड्याला. तपासताना पट्टा पूर्ण काढा, कारण गोचीड नेमके त्याखाली दडून बसतात आणि गोचीड तापाने इथे कुत्री मरतात.

हार्नेस घेतला की सगळं सुटलं, असंही नाही. 2019 साली ‘व्हेटरनरी रेकॉर्ड’मध्येच आलेल्या एका छोट्या अभ्यासात असं दिसलं की छातीवर आडवी पट्टी असलेल्या आणि ‘वाय’ आकाराच्या, दोन्ही हार्नेसनी चालताना खांद्याची हालचाल थोडी आखडते. ज्याला खांदा मोकळा ठेवणारा म्हणून विकतात, त्या ‘वाय’ आकाराच्या हार्नेसने ती जास्त आखडली. म्हणून पाकिटावरचं वाचून घेऊ नका. पुढच्या पायांमागे छातीचा घेर मोजा. मधली पट्टी गळ्यावर न चढता छातीच्या हाडावर बसते का, काखेत घासते का, ते कुत्र्याला चालवून पाहा. बसवून नाही.

खिळ्यांच्या पट्ट्याबद्दल ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांच्या काठच्या गावांत हमखास विचारणा होते. बिबट्या गळा धरतो, हे खरं आहे, आणि बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो हेही खरं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात झालेल्या अभ्यासात बिबट्यांच्या भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा 39 टक्के निघाला. बिबट्यांच्या हल्ल्यांनंतर पुणे जिल्ह्यातल्या पिंपरखेडला 2025 मध्ये माणसांनीच असे पट्टे गळ्यात घातले होते, इतका या उपायावर लोकांचा भरवसा आहे. पण खिळे फक्त पट्ट्याखालचा भाग वाचवतात. बिबट्याचे पंजे पाठीवर आणि पोटावर पडतात, तिथे काहीच आडवं येत नाही. आणि तो पट्टा घातलेला कुत्रा बांधलेला असेल, तर त्याला पळताही येत नाही. पातळ पत्र्याला ठोकलेले खिळे आतून उलटे फिरले तर पहिली जखम कुत्र्यालाच होते. असा पट्टा घालायचाच असेल तर आतून जाड चामड्याचं अस्तर हवं, आणि रात्री कुत्र्याला बंद गोठ्यात ठेवायला हवं. जीव गोठ्याने वाचतो.

बाकीचे समज झटपट. तोंड गच्च बंद करणारं कापडी मुसकं सुरक्षित असतं, हा समज उन्हाळ्यात जीव घेतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, त्यामुळे तोंड उघडता येईल असं जाळीचं मुसकंच घ्या. मलकापूर-नांदुऱ्याच्या मे महिन्यात बूट घालून दुपारी फिरवता येतं, असंही नाही. हाताची पाठ डांबरावर पाच सेकंद ठेवून बघा, ठेववत नसेल तर बूट असो वा नसो, कुत्रा घरी राहील. मोटारीत सीटबेल्टचा पट्टा गळ्याला अडकवू नका, ब्रेक लागताच मानेला हिसका बसतो. तो हार्नेसलाच अडकवा. चांदण्यात कुत्रा दिसतो, हे वावरात ठीक, महामार्गावर नाही. खामगाव-मलकापूर रस्त्यालगत ज्यांचं घर आहे, त्यांनी कुत्र्याच्या पट्ट्यावर उजेड परत फेकणारी चकाकती पट्टी लावावी. ती चिकटवू नका, दोन्ही कडांनी शिवून घ्या. पहिल्या पावसात डिंक सुटतो.