वाट समोरून की मागून?

जानेवारी 2025 मध्ये डॉ. सुधीर श्रीवास्तव यांनी गुरुग्राममध्ये बसून 286 किलोमीटरवरच्या जयपूरच्या मणिपाल रुग्णालयातल्या रुग्णावर रोबोटच्या मदतीने हृदयशस्त्रक्रिया केली. यंत्र भारतीय होतं, ‘एसएसआय मंत्रा’. सवाई मानसिंह या सरकारी रुग्णालयातही आता रोबोट आहे. त्यामुळे प्रोस्टेटचा कर्करोग निघाला की जयपूरच्या घरांतही पहिला प्रश्न येतो, रोबोटने करायचं का? माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न असा आहे, की सर्जन प्रोस्टेटपर्यंत कोणत्या वाटेने जाणार आणि जाताना काय काय वाचवणार?

ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, ओटीपोटाच्या हाडांच्या आड दडलेली असते. मधून मूत्रनलिका जाते, मागे गुदाशय आणि दोन्ही कडांना लैंगिक ताठरतेच्या नसांचं बारीक जाळं. 1982 मध्ये बॉल्टिमोरच्या पॅट्रिक वॉल्श यांनी या नसा जाणीवपूर्वक राखून पहिली शस्त्रक्रिया केली, आणि तोवर जवळजवळ अटळ मानलेलं नपुंसकत्व टाळता येऊ लागलं. पुढे डेट्रॉइटमध्ये मूळचे केरळचे डॉ. मणी मेनन यांनी रोबोटने प्रोस्टेट काढण्याची पद्धत घडवली आणि ती जगभर गेली.

रूढ पद्धतीत सर्जन समोरून उतरतो. मूत्राशय पोटाच्या भिंतीपासून सोडवून खाली पाडतो, प्रोस्टेटला तोलून धरणारे समोरचे बंध आणि शिरांचा जुडगा कापतो. वाट मोकळी, नजरेला सरावाची. 2010 मध्ये मिलानच्या आल्दो बोच्चार्दी यांनी उलटी वाट काढली. मूत्राशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेतून, मागून. जागा अडचणीची आणि हात बसायला वेळ लागतो. पण समोरचे बंध, शिरा आणि मूत्राशयाचा आधार जागच्या जागी राहतात.

याचा फायदा दिसतो शस्त्रक्रियेनंतर ठेवलेली लघवीची नळी काढल्यावर. डेट्रॉइटमध्ये 120 रुग्णांची दोन गटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून तुलना झाली. नळी काढल्यानंतर आठवड्याभरात मागच्या वाटेच्या गटात 71 टक्के पुरुषांचा लघवीवर ताबा आला होता, समोरच्या गटात 48 टक्के. वर्षभरात ही दरी बरीच मिटली. मग घाई कशाला, असं कुणी म्हणेल. पण ते पहिले महिने पॅड लावून वावरणाऱ्या माणसाला विचारा. लग्नकार्य टाळणं, बसचा प्रवास टाळणं, कपड्याला वास येईल म्हणून नातवाला मांडीवर न घेणं. माणूस घरकोंबडा होतो. दुसरी बाजूही सांगायला हवी: गाठ ग्रंथीच्या पुढच्या भागात असेल, तर मागून जाताना कडेला कर्करोगाच्या पेशी राहण्याची भीती अधिक. अशा वेळी ताबा दोन महिने उशिरा आला तरी चालेल, रोग मागे राहता कामा नये.

आणि रोबोट स्वतः किती देतो? ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये 326 पुरुषांची मोठा छेद आणि रोबोट अशी थेट तुलना झाली. सरासरी रक्तस्राव रोबोटने 443 मिलिलिटर, उघड्या शस्त्रक्रियेत 1338. रोबोटच्या गटातले घरीही लवकर गेले. पण बारा आठवड्यांनी लघवीचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्हीकडे सारखीच निघाली. विशेष म्हणजे दोन्ही गटांत सर्जन वेगवेगळे, आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या सर्जनचा अनुभव कितीतरी अधिक. मला या अभ्यासातून हात यंत्राइतकाच मोलाचा दिसतो.

घरी आल्यावर नळी साधारण आठवडा-दहा दिवस राहते. चालणं दुसऱ्या दिवसापासूनच, जड उचलणं सुमारे महिनाभर बंद, पोट साफ राहील अशी काळजी. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम शस्त्रक्रियेआधीच शिकून घ्यावा. नळी असताना मात्र करू नये. ताठरता परतायला वर्ष-दोन वर्षंही लागतात, आणि नसा राखल्या तरी खात्री नसते. हे पत्नीसमोर, मोकळेपणाने आधीच बोलायला हवं. आपल्याकडे नेमकं तेच राहून जातं.

सौम्य, मंद गतीच्या कर्करोगात नुसती देखरेखही पुरते, किरणोपचाराचाही पर्याय असतो. शस्त्रक्रियाच ठरली, तर सर्जनला तीन गोष्टी विचारा: तुम्ही स्वतः अशा किती केल्या, माझी गाठ कुठे आहे म्हणून कोणती वाट धरणार, आणि तुमच्या रुग्णांपैकी किती जण वर्षभरानंतर पॅडशिवाय आहेत. उत्तर टाळलं गेलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.