नमुन्यांचा हिशेब: तारापूरचा किनारा आणि दूरची बेटे

पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच 28 ऑक्टोबर 1969 रोजी व्यावसायिक उत्पादनात आले. या परिसरातील हवा, पाणी, माती आणि अन्न तपासण्याचे काम तेथील पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा करते. केंद्र चालवते न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन, प्रयोगशाळा मात्र भाभा अणुसंशोधन केंद्राची. केंद्र चालवणाऱ्याच्या हाती मोजणी नसावी, हीच या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट. नमुने सुमारे 30 किलोमीटरपर्यंतच्या टापूतून येतात. सामान्य नागरिकाला मिळणारी मात्रा वर्षाला 1 मिलिसिव्हर्टच्या आत असावी, अशी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे.

कुठून काय गोळा करायचे, हे लोकांच्या ताटावरून ठरते. दांडी, घिवलीसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत मासळी रोजची, म्हणून बोंबील आणि कोळंबी यादीत वर येतात. आतल्या गावांत भात, भाजीपाला, दूध आणि विहिरीचे पाणी महत्त्वाचे. शेळीची थायरॉइड ग्रंथीही तपासतात. आयोडीन-131 या ग्रंथीत साठते आणि शेळी बऱ्याच मोठ्या भागात चरते, त्यामुळे एका लहानशा नमुन्यातून साऱ्या शिवाराची खबर मिळते. आयोडीनचा अर्धायुकाल मात्र जेमतेम 8 दिवसांचा, तेव्हा हा नमुना ताजाच मोजावा लागतो. सीझियम-137 चा अर्धायुकाल सुमारे 30 वर्षे. तिथे इतकी घाई नसते.

खर्चाच्या यादीत पहिला मान केंद्र सुरू होण्याआधीच्या मोजणीला द्यायला हवा. वातावरणात झालेल्या अण्वस्त्र चाचण्यांचे सीझियम जगभरच्या मातीत आणि समुद्रात आधीपासून मिसळलेले आहे. आधीचा आकडा नसेल, तर आज सापडलेले सीझियम जुने की नवे हे ठरवणे फार अवघड जाते. या कामात केलेली काटकसर पुढे कितीही पैसे ओतून भरून निघत नाही.

नमुना प्रयोगशाळेत आला की खरा वेळ लागतो. बोंबलात पाणीच नव्वद टक्क्यांच्या आसपास. मासळी धुऊन, खाण्याजोगा भाग काढून ती 110 अंशांवर सुकवतात आणि मग भट्टीत राख करतात. भट्टी फार तापली तर सीझियम उडून जाते, म्हणून तापमान 400-450 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. काही किलो ताज्या मासळीची राख मूठभर उरते. स्ट्राँशियम-90 साठी याहून चिकाटी लागते: ते रासायनिक रीतीने वेगळे काढायचे, मग त्यापासून यिट्रियम-90 पुरेसे तयार होण्यासाठी दोन आठवडे थांबायचे. समुद्राच्या पाण्यातले सीझियम इतके विरळ, की शेकडो लिटर पाणी तांब्याच्या फेरोसायनाइडचा लेप दिलेल्या गाळणीतून किनाऱ्यावर किंवा बोटीवरच गाळतात. घनमीटरभर पाणी वाहून आणण्याचा खर्च त्यामुळे वाचतो.

पुढची अडचण मोजणी यंत्राच्या वेळेची. जर्मेनियमच्या शोधकाला द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावे लागते आणि एक नमुना 60,000 सेकंद मोजायचा म्हटले तर जवळपास 17 तास जातात. म्हणजे एका यंत्रावर दिवसाला एकच नमुना. मोजणीतली अनिश्चितता निम्मी करायची तर वेळ चौपट लागतो. किती सूक्ष्म आकडा हवा, हे आधी ठरवल्याशिवाय नमुन्यांची संख्या ठरवणे व्यर्थ. शिवाय कोरे आणि दुबार नमुने मोजावेच लागतात. पैसे कमी पडले की कात्री आधी यांच्यावर चालते आणि सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो.

तारापूरच्या टापूतला नमुना गाडीने प्रयोगशाळेत येतो. पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवर मात्र पैसा जातो जहाजात. तिथे अमेरिकेने 1946 ते 1958 दरम्यान 67 अणुचाचण्या केल्या, त्यांतल्या 43 एनेवेटक आणि 23 बिकिनी या प्रवाळबेटांवर. जहाज तिथे थांबलेल्या प्रत्येक दिवसाचे भाडे चालू असते, हवामान बिघडले की काम अडते, विजेची हमी नसते. म्हणून राखीव दिवस, जनित्र, शीतपेटी आणि यंत्रांचे जादा सुटे भाग अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावे लागतात. माती, नारळ, फणसासारखे ब्रेडफ्रूट आणि नारळी खेकडा हे तिथले नमुने. प्रवाळी मातीत पोटॅशियम कमी, त्यामुळे झाडे त्याच्या जागी सीझियम ओढून घेतात.

चाचण्यांसाठी हलवलेल्या आणि पुढे बिकिनीवर परतलेल्या कुटुंबांना 1978 मध्ये पुन्हा बेट सोडावे लागले, कारण नारळासारख्या स्थानिक अन्नातून त्यांच्या पोटात अपेक्षेपेक्षा जास्त सीझियम गेले होते. माती मोजली होती, पण लोक प्रत्यक्षात काय आणि किती खातात, याचा अंदाज चुकला. पुढे लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने पोटॅशियम खत टाकून नारळातले सीझियम घटवण्याचे प्रयोग केले. एनेवेटक आणि राँगेलॅप या बेटांवर पूर्ण शरीरातील किरणोत्सार मोजणारी यंत्रे बसवून ती चालवण्यासाठी स्थानिक तंत्रज्ञ तयार करण्यात आले. माणसाच्या शरीरात किती सीझियम आहे, हे त्यामुळे जहाजाची वाट न पाहता बेटावरच मोजता येऊ लागले.